अर्धी पास

कुंभार पिंपळगाव,
२१ जानेवारी २०२६

सुरेखा,

पत्र पाहून तुला आधी धसका बसेल, म्हणून पहिल्यांदा हे सांगते की घरात सगळे धडधाकट आहेत. गंधालीला ताप नाही. माझा अंगद वेळेवर जेवतो. तुझ्या सासऱ्यांचा आवाज नेहमीसारखा बाजारपट्टीपर्यंत ऐकू जातो. मीही बरी आहे. साठी उलटली तरी गुडघे शाबूत आहेत, अजून भरली घागर घेऊन गच्चीवर चढते. देवाने मला एवढी एकच गोष्ट सढळ हाताने दिली.

सासूने फोन सोडून पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोन करायचा तर अंगदच्या मोबाइलवरून, आणि यांना कमी ऐकू येतं म्हणून तो ओसरीवर स्पीकरवर लावावा लागतो. मग मी बोललेलं यांना, गड्याला आणि समोरच्या किराणावाल्याला एकदमच कळतं. सासू-सुनेचं बोलणं असं दवंडी पिटून होत नसतं. रविवारी तू गंधालीशी बोलतेस तेव्हा तीसुद्धा 'हो', 'बरं', 'जेवले' एवढंच म्हणते, ते याचमुळे. पोरगी तुटली असं मनात आणू नकोस. तुझा फोन ठेवला की ती गोठ्यात जाऊन म्हशीशी बोलते, आणि ते बोलणं चांगलं लांबलचक असतं.

मी जुनी सातवी शिकलेली आहे, हे या घरात कुणाच्या लक्षात नाही. आज कामाला आलं.

बैठकीत काय ठरलं ते तुझ्या वडिलांनी सांगितलं असेलच, पण ते त्यांच्या बाजूने. मी चहा द्यायला आत-बाहेर करत होते, म्हणून दोन्ही बाजूंनी ऐकलं. तुला बोलावलं नव्हतं आणि मला विचारलं नव्हतं, तेव्हा त्या बाबतीत आपण दोघी बरोबरीच्या. तू भाऊबीजेला माहेरी केदारखेड्याला गेलीस. 'तू पुढं जा, पोरीला मी दोन दिवसानं आणून सोडतो,' असं हे म्हणाले होते. तू भोकरदनच्या इंग्रजी शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झालीस हे कळलं, आणि यांनी पोरीला आणून सोडलं नाही. 'आमची सून नोकरीला जाणार न्हाई' असं हे पारावर चारचौघांत बोलून बसलेले. बोललेलं परत घ्यायचं म्हटलं की ते यांच्या घशात अडकतं.

तर काकासाहेबांनी मध्यस्थ म्हणून तोड काढली. "पोरगी परीक्षा होईस्तोर इथं राहील. सुरेखाच्या शाळंत सहावीत घ्यायला इंग्रजीचा पेपर असतो म्हणं. त्यात पास झाली तर आईकडं. न्हाई झाली तर इथंच, आन् मंग पुन्हा कुणी नाव काढायचं न्हाई." हे लगेच कबूल झाले. का झाले ते तुलाही माहीत आहे. सहामाहीत पोरीचं इंग्रजीच तेवढं गाळात गेलं होतं.

तिला म्हणे ॲडव्हर्ब येत नाहीत. शाळेत पाढ्यासारखे पाठ करून घेतले आहेत. 'स्लोली म्हणजे सावकाश, क्विकली म्हणजे लवकर,' एका दमात म्हणते. आता याचं वाक्य कर म्हटलं की आढ्याकडे बघते. हे कसं शिकवायचं ते लिहून पाठव. पत्र शेजारच्या तुळजाबाईच्या नावाने टाक, ती माझ्या हातात देईल.

तुला वाटेल, पोरगी पास झाली तर हिच्याच घरातून जाणार, मग ही कशाला शिकवायला निघाली? मलाही तेच वाटतं. पण आपली पोर चार लोकांत नापास म्हणवली जावी हे मला सोसवत नाही. सध्या एवढंच कारण आहे असं समज.

खरं विचारशील तर मला तू परत यायला हवी आहेस. जमतं का बघ. जमत नसेल तर ॲडव्हर्ब पाठव.

नंदाबाई


८ फेब्रुवारी २०२६

सुरेखा,

तुझं पाकीट मिळालं. गंधालीला चार पानं आणि मला दोन ओळी. असू दे. त्या दोन ओळींत 'नोकरी सोडणार नाही' हे मात्र ठसठशीत लिहिलं आहेस. वाचलं, घडी घातली, आणि भाकरी थापायला बसले. दुसरं काय करणार?

तुझी युक्ती चांगली आहे. आधी काम करायचं, मग ते कसं केलं ते सांगायचं. हे दुपारी शेतात गेले की आमची शाळा भरते. शनिवार-रविवार तर सगळी दुपार आमचीच. गंधाली ओट्यावर उभी राहते आणि मी अंगणात. ती हुकूम सोडते आणि मी ते करायचं. "आजी, वॉक स्लोली." मी सावकाश चालते. "आजी, रन क्विकली." मी पदर खोचून तुळशीपासून गोठ्यापर्यंत पळते. मग ती वाक्य म्हणते, 'माय आजी रन्स क्विकली.' पळणं मला जड गेलं नाही, गुडघे चांगलेच आहेत, पण म्हैस बिथरली. तुळजाबाईने भिंतीवरून डोकावून विचारलं, "काय गं नंदाबाई, अंगात आलं का काय?" मी म्हटलं, "इंग्रजी आलंय अंगात." तेव्हापासून ती रोज कामं टाकून भिंतीपाशी येऊन बसते. तिलाही आता 'लाउडली' आणि 'सॉफ्टली' येतं, आणि ती दोन्ही लाउडलीच म्हणते.

एक गंमत झाली. गंधालीने आपल्या मनाने वाक्य केलं, 'माय आजी वर्क्स हार्डली.' माझी आजी खूप काम करते, असं. तुझ्या पानांवर तू आधीच बजावून ठेवलं होतंस की असं लिहिलं तर आजी कामच करत नाही असा अर्थ होतो. ते वाचल्यावर पोरगी हसून हसून ओट्यावर आडवी झाली. जेवताना तिने आबांनाही सांगितलं. ते म्हणाले, "मंग बरोबरच लिव्हलं पोरीनं." आणि हसत सुटले. दिवाळीनंतर या घरात पुरुषमाणूस हसलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. ती हे कुठून शिकली, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते कोण जाणे.

हे वाईट नाहीत, सुरेखा. तुला पटणार नाही. बाजाराच्या दिवशी अजून तिच्यासाठी गोडीशेव आणतात, तिला ट्रॅक्टरवर पुढे बसवतात, ती झोपली की पायावर पांघरूण ओढतात. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं.

नंदाबाई


२७ फेब्रुवारी २०२६

सुरेखा,

ऊस कारखान्याला गेला. अंगद आता घरी लवकर येतो, म्हणून आमच्या शाळेत एक विद्यार्थी वाढला. तो काही बोलत नाही, खांबाला टेकून बसतो आणि बोटं मोडतो. परवा गंधालीने त्यालाही ओढलं. ती घरातल्या माणसांची वाक्यं करत होती.

"आबा कसं बोलतात?" तिने स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "लाउडली."

"आन् पप्पा?"

जरा विचार करून म्हणाली, "पप्पा स्पीक रेअरली." क्रियापदाला 'स' लागतो हे आठवून तिने परत म्हटलं, "पप्पा स्पीक्स रेअरली."

मी अंगदला सांगितलं, रेअरली म्हणजे क्वचित. तो म्हणाला, "कळलं मला." पुढे काही नाही. म्हणजे पोरीचं वाक्य बरोबर होतं.

मग ती म्हणाली, "मम्मी वेंट सडनली." आई अचानक गेली.

अंगद उठून गोठ्यात गेला. मी पोरीला शाबास म्हटलं, कारण वाक्यात चूक नव्हती. पण खोटं होतं ते. तू अचानक गेली नाहीस. पोळ्यापासून सांगत होतीस. जेवायला वाढताना सांगत होतीस, कपडे वाळत घालताना सांगत होतीस. एकदा तर नेमणुकीचं पत्र माझ्या हातात देऊन 'वाचा' म्हणालीस. मी वाचलं आणि डब्याखाली ठेवलं, भाजी चिरायला घेतली. आम्ही ऐकत नव्हतो म्हणून ते पोरीला अचानक वाटलं. दहा वर्षांच्या पोरीला हे कोणत्या शब्दात सांगू? तुझ्या चार पानांत त्याला शब्द नाही.

त्याच संध्याकाळी मी धीर करून यांच्याजवळ विषय काढला. तू म्हणायचीस ना, आत्या, एकदा बोला. बोलले. म्हटलं, "अहो, सुरेखाला करू द्या नोकरी. पिंपळगावात न्हाई तर घनसावंगीत मिळंल तिला. इथं राहून जाईल-येईल."

यांनी सुपारी कातरायला घेतली. मग म्हणाले, "मी पारावर बोलून बसलो नंदे. आता कोण्या तोंडानं जाऊ तिथं?"

"पारावरचे लोक काय तुमच्या घरी भाकरी करायला येत्यात का?"

"त्येंच्याचसमोर बसायचंय मला मरेस्तोर," असं म्हणून त्यांनी पानाचा डबा मिटला.

बघ, एवढ्यासाठी सगळं अडलं आहे. दगड असता तर चार माणसं लावून हलवला असता. मी प्रयत्न केला हे तुला कळावं म्हणून लिहिलं. त्याने काही झालं नाही हेही कळावं.

नंदाबाई


२२ मार्च २०२६

सुरेखा,

पाडव्याला गुढी उभारली. साखरेची गाठी गंधालीने तुझ्यासाठी अर्धी तोडून ठेवली आहे, मुंग्या लागू नयेत म्हणून पाण्याच्या ताटलीत वाटी ठेवून तीत ठेवली आहे. पेपरला येईल तेव्हा घेऊन येईल.

अभ्यास जोरात आहे. आता ती अडत नाही, मीच अडते. 'ऑलवेज', 'नेव्हर', 'समटाइम्स' असे वेळेचे शब्द चालू आहेत. मागच्या आठवड्यात तिने विचारलं, "आजी, नेव्हर वाक्यात कुठं घालायचं गं?" मला येत होतं. तुझ्या पानावर लिहिलेलं होतं आणि ते पान माझ्याच उशाखाली होतं. मी म्हटलं, "उद्या बघू." का म्हटलं ते तू ओळखलं असशील. त्या एका शब्दाने नापास झाली तर झाली, असं क्षणभर मनात आलं. मग दुपारी दोन भाकरी करपल्या, दूध उतू गेलं, आणि पोरगी समोर बसून मुकाट्याने करपलेली भाकरी खात होती. जेवण झाल्यावर पान काढून सगळं सांगून टाकलं. आता तिला नेव्हर पक्कं येतं. तुझ्यापासून लपवण्यासारखं यात काय उरलं?

पण लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने. काल तिची वेणी घालत होते. पोरगी पाठमोरी बसली होती. मध्येच म्हणाली, "आजी, मी पास झाले तर मम्मीकडं जाणार ना?"

"हो."

"मंग तू एकटी पडशील."

"एकटी कशानं? आबा आहेत, पप्पा आहेत."

"ते तुझ्याशी बोलत न्हाईत." मग म्हणाली, "आन् नापास झाले तर मम्मी एकटी."

मी पुढचा पेड घातला. ती म्हणाली, "आजी, अर्धी पास होता येतं का?"

मी वेणी इतकी आवळली की ती 'आई गं' म्हणाली. आजी गं म्हणाली नाही. दुखलं की माणूस आईच म्हणतं, मीही साठीत आईच म्हणते. मी रिबीन बांधली आणि तिला खेळायला पाठवलं. नंतर न्हाणीत जाऊन तोंड धुतलं. बाहेर आले तर पोरगी दारातच उभी. खेळायला गेलीच नव्हती. माझे डोळे बघून घेतले तिने.

सगळ्या शहाण्या माणसांनी बैठक घातली, शेंगदाणे-गूळ खाल्ला, चहा पिऊन कप पालथे घातले, आणि सगळं ओझं त्या पोरीच्या पाठीवर ठेवून उठून गेले. परीक्षा इंग्रजीची आहे असं त्यांना वाटतं.

तू तरी काहीतरी कर गं. म्हणजे काय कर, ते मला विचारू नकोस. मला माहीत नाही.

नंदाबाई


१३ एप्रिल २०२६

सुरेखा,

तुझं पत्र आलं. या वेळी मला दोन ओळी नाहीत, दोन पानं आहेत, आणि ती रागाची आहेत. पोरीने अर्धा पेपर मोत्यासारखा सोडवला आणि उरलेला अर्धा कोरा ठेवला, असं तू लिहितेस. 'तुम्ही तिला काय सांगितलंत?' असं तू विचारतेस. तुझ्या जागी मीही हेच विचारलं असतं.

मी काही सांगितलं नाही. आदल्या दिवशी सगळं तिच्याकडून म्हणवून घेतलं होतं, एकही अडलं नव्हतं. निघताना दही-साखर हातावर ठेवली. अंगद तिला घेऊन पहाटेच्या बसने निघाला, जालन्याला बस बदलून वेळेत पोचले. एवढं तुला माहीतच आहे, शाळेच्या फाटकात तू उभी होतीस. अंगदने घरी येऊन यातलं काही सांगितलं नाही. पण जेवणाचा डबा घासून-पुसून परत आला, आणि माझा मुलगा डबा घासत नाही हे मला माहीत आहे. तुम्ही तिघं बसून जेवलात का? मी विचारलं, तर तो 'हं' म्हणाला. त्या 'हं'वर मी दोन दिवस काढले.

गंधालीला मी विचारलं, "बाई, पुढचं येत न्हवतं का तुला?"

म्हणाली, "येत होतं."

"मंग लिव्हलं कामून न्हाई?"

"अर्धं मम्मीचं लिव्हलं," ती म्हणाली, "अर्धं तुझं ठिवलं."

हे तुला कळवायचं नव्हतं, पण तू माझ्यावर आळ घेतलास म्हणून कळवलं. आणि आळ अगदीच खोटा नाही. मी तोंडाने सांगितलं नाही, पण त्या दिवशी न्हाणीतून बाहेर येताना डोळे नीट पुसले असते तर बरं झालं असतं.

शाळेच्या मोठ्या बाईंनी, अरुंधती मॅडमनी, अंगदला फोन केला होता. तो अर्थातच स्पीकरवर होता. पन्नासपैकी पंचवीस, म्हणजे काठावर पास, जागा आहे, पालकांनी आपसात ठरवून कळवावं, असं त्या म्हणाल्या. हे तिथेच म्हणाले, "अर्धा पेपर कोरा, ह्याला पास म्हणत्यात व्हय?" आता एक मेला सुट्टीच्या दिवशी काकासाहेब पुन्हा बैठक बोलावणार आहेत. पंचवीस म्हणजे पास की नापास, हे ठरवायला सात माणसं लागणार.

पोरगी जेवत नाही नीट. यांनी गोडीशेवेचा पुडा तिच्यासमोर ठेवला, तो तसाच आहे. हे तिथेच बसून राहिले, पुड्याकडे बघत. मी आमच्या अंगणातल्या शाळेचा विषय काढला, तर म्हणाली, "आता कशाला?"

मला काही सुचत नाही, सुरेखा. तुळशीपुढे बसते, पण काय मागावं तेच कळत नाही. ती जावी म्हणून मागू की राहावी म्हणून?

नंदाबाई


४ मे २०२६

सुरेखा,

काल संध्याकाळपर्यंत पोरगी तुझ्याजवळ पोचली असेल. पप्पूने जीप सांभाळून चालवली असेल, तुझा भाऊ आहे म्हणून नाही, त्याचा हात चांगला आहे म्हणून म्हणते. पिशवीत खाली अनारसे आहेत, फुटले असतील. तुझी अर्धी गाठी अजून राहिली होती, तीही वाटीत घातली आहे. पेपरच्या दिवशी पोरगी ती द्यायची विसरली होती, की तिने मुद्दाम ठेवली होती, मला माहीत नाही.

बैठकीत काय झालं ते पप्पू सांगेल, आणि तो जे सांगेल ते खरंच असेल. पण त्याला सगळं माहीत नाही, म्हणून लिहिते.

ओसरीवर सगळे बसले. काकासाहेब म्हणाले, "पन्नासपैकी पंचवीस. आता हे पास धरायचं का नापास?" तुझे वडील म्हणाले, "पास म्हंजे पास." हे म्हणाले, "कोऱ्या पेपराला पास म्हणायचं तर पोरांनी शाळंत जावं कशाला?" तासभर हेच चाललं. एकदा आवाज चढले, एकदा कोणी तरी आपल्या काळातल्या मॅट्रिकच्या गोष्टी काढल्या. अंगद खांबाला टेकून खाली बघत होता. गंधाली माझ्यामागे स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझा पदर तिच्या मुठीत होता.

मी आजवर बैठकीत तोंड उघडलेलं नाही. त्या दिवशी चहाचा ट्रे हातात होता आणि तोंडातून निघून गेलं, "पोरीला विचारा की."

 काकासाहेब म्हणाले, "बराबर बोलल्या वैनी." त्यांनी तिला पुढे बोलावलं, सतरंजीच्या मधोमध उभी केली. आवाज मऊ करून विचारलं, "सांग बाई, कुठं राह्यचं तुला? घाबरू नको बिलकुल. तू म्हणशील तसं."

मला वाटलं होतं, मी मोठं शहाणपण केलं. पोरीने आबांकडे बघितलं. आबा तिच्याकडे बघत होते, तोंड थोडं उघडं, तिला कांजिण्या आल्या होत्या तेव्हा उशाशी बसायचे तसे. तिने पप्पूकडे बघितलं, अंगदकडे बघितलं, मग माझ्याकडे. फ्रॉकचं टोक तिने तोंडात धरलं होतं. तिचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. काकासाहेब म्हणाले, "सांग, सांग." दुसऱ्या कोणीतरी म्हटलं, "मोठ्यानं बोल." तेव्हा मला कळलं की मी काय केलं. पेपर कोरा ठेवता येतो. चार माणसांत उभं केल्यावर कोरं राहता येत नाही. ती ज्याचं नाव घेईल ते तिला जन्मभर पुरलं असतं, आणि ज्याचं घेणार नाही तेही.

मी ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, "तिला काय इचारता? मला इचारा. मपल्याच्यानं आता पोरीचं होत न्हाई. गुडघे गेले मपले. हिच्या वेण्या घाला, हिचा डबा करा, हिच्यामागं पळा, कोण करून राह्यलं? घेऊन जा हिला. तिची आई धट्टीकट्टी आहे, तिनं बघावं."

 यांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांचा संसार आहे, माझे गुडघे यांना माहीत नसतील? त्याच सकाळी माझ्या डोक्यावर पाण्याची घागर यांनी स्वतः चढवून दिली होती. मला वाटलं, आता खोटं पाडतात. पण टोपी काढून हातात घेतली, आत बोटं फिरवली, आणि म्हणाले, "बाईमाणसाच्यानं होत न्हाई म्हणल्यावर इलाज न्हाई. जाऊ द्या." पारावर आता हेच सांगतील, म्हातारीचे गुडघे गेले म्हणून नातीला पाठवलं. यांचा शब्द राहिला. मला वाटतं, यांनाही कधीपासून सुटायचं होतं, वाट सापडत नव्हती.

काकासाहेबांना पटलं, तुझ्या वडिलांना पटलं. जमलेल्या सगळ्यांना पटलं. एका गंधालीला पटलं नाही.

तिने माझ्या पायांकडे पाहिलं, सुरेखा. या अंगणात ती मला तीन महिने पळवत होती. वॉक, रन, जंप. माझे गुडघे कसे आहेत हे या गावात सगळ्यात जास्त तिला माहीत आहे. आजी खोटं बोलते हे तिला लगेच कळलं. खोटं का बोलते, ते तिने तिच्या वयाप्रमाणे लावून घेतलं. आजीला मी नकोय. पदर तिने बैठकीतच सोडला होता. त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. वेणी तुळजाबाईकडून घालून घेतली. मी बोलायला गेले की उठून जायची. मी बोलणार तरी काय होते? खरं सांगितलं असतं तर ती गेली नसती.

काल पप्पू आला. हे तिला जीपपर्यंत पोचवायला गेले, अंगदने पिशव्या ठेवल्या. मी मागून सावकाश गेले, लंगडत. लोक बघत होते, लंगडावं लागलं. ती आबांच्या पाया पडली. माझ्याही पडली, कारण आबांनी सांगितलं. जीप वळेपर्यंत मी उभी होते. तिने वळून पाहिलं नाही.

असू दे. रडत गेली असती तर तिथे रुळली नसती, मन इथेच घुटमळलं असतं. रागावून गेलेलं माणूस लवकर रुळतं. मी लग्न होऊन इथे आले ती आईवर रागावूनच आले होते, म्हणून टिकले.

आता दोन कामं तुझ्याकडे. सतरा तारखेला धोंड्याचा महिना लागतो. जावयाला जेवायला बोलवायची रीत आहे, आणि रीतीला तुझे सासरे नाही म्हणत नाहीत. तुझ्या आईला सांग, अंगदला रीतसर निरोप धाडा, तोही स्पीकरवर, म्हणजे सगळ्या गावाला ऐकू जाईल. तो आला की चार दिवस ठेवून घ्या. तो बोलणार नाही. पण त्या दिवशी तुझ्यासोबत जेवून आला तेव्हापासून तो डबा त्याने फडताळात ठेवू दिलेला नाही, आपल्या खोलीत ठेवला आहे. पुढचं तुमचं तुम्ही बघा, माझी मती इथे संपली.

दुसरं गंधालीचं. तिला एवढ्यात काही सांगू नकोस. ती माझं नाव काढणार नाही, तूही काढू नकोस. जून लागू दे, शाळा सुरू होऊ दे, नव्या पोरींशी भांडणं होऊ देत, त्यांच्यातली एखादी जिवाची होऊ दे. मग एखाद्या दिवशी, अभ्यास घेताना किंवा जेवायला वाढताना, सहज बोलल्यासारखं सांग की आजीचे गुडघे ठणठणीत आहेत. एवढंच सांग. बाकीचं तिचं तिला कळेल.

घरात फार शांत आहे. आज दुपारी सवयीने अंगणात जाऊन उभी राहिले. ओट्यावर कोणी नव्हतं. तुळजाबाई भिंतीपाशी आली होती, मला बघून परत गेली. मग मी तुळशीपासून गोठ्यापर्यंत चालत गेले. लंगडले नाही, बघायला कोणी नव्हतं.

तुझी आत्या,
नंदाबाई